गोळी चालू असतानाही होणारी गुठळी

‘रक्त पातळ करणारी गोळी’ या नावाने ओळखले जाणारे औषध प्रत्यक्षात रक्त पातळ करत नाही. वॉरफरिन किंवा अ‍ॅसिनोकुमॅरॉल ही औषधे रक्त गोठवणाऱ्या काही प्रथिनांची यकृतात होणारी निर्मिती मंदावतात, तर रिव्हरॉक्सॅबॅनसारखी नवी औषधे त्यांपैकी एकाच प्रथिनाचे कार्य अडवतात. त्यामुळे अशी गोळी चालू असतानाही पायाच्या खोल शिरेत, फुप्फुसात किंवा मेंदूत गुठळी झाली, तर केवळ गोळी बदलून भागत नाही, तिचे कारण शोधावे लागते.

पहिला प्रश्न औषध रक्तात पुरेसे पोहोचते का, हा असतो. रिव्हरॉक्सॅबॅनची २० मिलिग्रॅमची गोळी उपाशीपोटी घेतल्यास तिचा सुमारे दोन-तृतीयांश भागच शोषला जातो, म्हणून ती जेवणासोबत घ्यावी लागते. क्षयरोगावरील रिफाम्पिसिन वॉरफरिन आणि रिव्हरॉक्सॅबॅन या दोन्हींचा प्रभाव घटवते. वॉरफरिन घेणाऱ्याचे रक्त गोठायला किती वेळ लागतो, हे सांगणारा ‘आयएनआर’ हा आकडा बहुतेकांच्या बाबतीत २ ते ३ दरम्यान राहावा लागतो.

औषध पुरेसे असूनही गुठळी झाली, तर कर्करोगाप्रमाणेच अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोमचाही विचार करावा लागतो. या विकारात शरीर स्वतःच्याच घटकांविरुद्ध प्रतिपिंडे, म्हणजे संरक्षक प्रथिने, तयार करते. त्यांपैकी ‘ल्युपस अँटिकोअ‍ॅग्युलंट’ हे नाव फसवे आहे, कारण ते परीक्षानळीतील चाचणीला लागणारे फॉस्फोलिपिड हे मेदद्रव्य अडवत असल्याने तेथे रक्त उशिरा गोठते, शरीरात मात्र तेच रक्तवाहिन्यांचे अस्तर आणि प्लेटलेट पेशी चेतवून गुठळ्या घडवते. निदान पक्के करण्यासाठी चाचणी किमान १२ आठवड्यांनी पुन्हा करतात.

या विकाराची तिन्ही प्रतिपिंडे आढळलेल्या १२० रुग्णांवर इटलीत झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रिव्हरॉक्सॅबॅन घेणाऱ्या ५९ जणांपैकी चौघांना मेंदूचा आणि तिघांना हृदयविकाराचा झटका आला, तर वॉरफरिन घेणाऱ्यांपैकी एकालाही गुठळीचा त्रास झाला नाही; त्यामुळे ही चाचणी मुदतीपूर्वीच थांबवण्यात आली. नवे औषध प्रत्येकासाठी जुन्याहून चांगले असतेच असे नाही, हे यातून स्पष्ट झाले.

म्हणून पाय अचानक सुजणे, धाप लागणे, तोंड वाकडे होणे यांपैकी काहीही घडल्यास गोळी स्वतःहून बंद किंवा दुप्पट न करता तत्काळ रुग्णालय गाठावे आणि कोणती गोळी, किती, शेवटची केव्हा व कशासोबत घेतली हे डॉक्टरांना नेमके सांगावे, कारण कारणाचा शोध तेथूनच सुरू होतो.