आधी ठिपके

पापनाशम नावाची गावं तामिळनाडूत दोन आहेत. एक तिरुनेलवेलीकडे, ताम्रपर्णीच्या काठी. कमल हासनचा २०१५ सालचा चित्रपट त्या गावाचा. दुसरं तंजावर जिल्ह्यात, भातशेतीच्या मधोमध, आणि मी राहते ते हे दुसरं. तंजावरहून कुंभकोणमकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर साधारण पंचवीस किलोमीटरवर ते लागतं. यात्रेकरू इथे एकशे आठ शिवलिंगांच्या रामलिंगस्वामी देवळासाठी उतरतात, दर्शन घेतात आणि पुढच्या गाडीने कुंभकोणमला निघून जातात. गावातले उंबरे बघायला कोणी थांबत नाही.

मी मिरजेच्या शाळेत चित्रकला शिकवत असे. एलिमेंटरी-इंटरमीजिएटला संकल्पचित्राचा पेपर हातात पडला, की वर्गातून एकच प्रश्न यायचा, ‘बाई, काय काढू?’ पुढे ही मुलं मोठी झाली, त्यांनी घरं घेतली, तरी प्रश्न तोच राहिला. दिवाणखान्याला कुठला रंग लावू, पडदे कसले घेऊ, या साडीवर ब्लाउज कसला शिवू. आता तो बाईंऐवजी मोबाइलला विचारतात, एवढंच. पिंटरेस्टवर ढीगभर चित्रं जमवायची आणि शेवटी सगळ्या सोसायटीत आहे तोच राखाडी रंग भिंतीला लावायचा, हे मी किती घरांत पाहिलं आहे! मुलाची बँकेतली बदली इकडे झाली म्हणून निवृत्तीनंतर मी पापनाशमला आले. ‘काय काढू’ हा प्रश्न रोज उजाडायच्या आत सोडवून मोकळ्या होणाऱ्या बायका मला इथे शेजारी मिळाल्या.

पहाटे दारापुढची जागा झाडली जाते. ही जागा म्हणजे पुष्कळदा रस्त्याचाच एक तुकडा असतो. त्यावर सडा पडतो आणि जमीन ओलसर आहे तोवरच कोलम, म्हणजे इथली पिठाची रांगोळी, काढायला घेतात, म्हणजे पीठ धरून राहतं. आपल्याकडे रांगोळी बसून काढतात. इथे पाय ताठ ठेवून, कमरेत वाकून काढतात आणि चिमटीतून पीठ सोडत सोडत मागे सरकतात. आमच्या शेजारच्या मामी सत्तरीच्या पुढच्या आहेत. (नात्याने त्या माझ्या कोणी नव्हेत. आपल्याकडे काकू, तशा इथे मामी.) त्यांचं वाकणं बघून माझी कंबर दुखते. त्यांना थोडं हिंदी येतं, मला थोडं तमिळ. पहिल्या दिवशी मी वही-पेन्सिल घेऊन समोर उभी राहिले, तेव्हा त्यांनी मला फक्त दोन शब्द सांगितले, ‘मुदल्ल पुळ्ळी.’ आधी ठिपके.

ठिपके मांडायच्या दोन रीती आहेत. एक सरळ: मधल्या रांगेत सात, तिच्या दोन्ही बाजूंना पाच, मग तीन, मग एक. पंचवीस ठिपक्यांचा शंकरपाळा तयार होतो. दुसरी रीत म्हणजे रांगेतल्या दोन ठिपक्यांच्या फटीसमोर पुढच्या रांगेतला ठिपका ठेवायचा. तिथे सातावरून सहा, पाच, चार असं उतरत जायचं, की सदतीस ठिपक्यांचा षट्कोन होतो. सणाला ‘पंधरा ते आठ’ असं कोणी म्हणालं, तर तेवढ्यात ऐकणारीला कळतं की एकशे एकोणसत्तर ठिपके आहेत आणि तासाभराचं काम आहे. नक्षी सांगायला इथे चित्र लागत नाही, दोन आकडे पुरतात.

पुढे पुन्हा दोन वाटा. ठिपके जोडून कमळ, पोपट, समई काढायची, म्हणजे आपली ठिपक्यांची रांगोळी. किंवा सिक्कु कोलम, ज्यात रेघ ठिपक्याला शिवतच नाही. ती ठिपक्यांच्या मधून वळसे घेत जाते, स्वतःलाच ओलांडते आणि जिथून निघाली तिथे येऊन मिळते. एकही ठिपका वेढ्याबाहेर राहता कामा नये. या वळशांत असं काही शास्त्र आहे, की ताम्बरमच्या मद्रास ख्रिश्चन कॉलेजमधले गिफ्ट सिरोमणी, राणी सिरोमणी आणि त्यांच्या सहकारी कमला कृतिवासन यांनी १९७४ साली संगणकशास्त्रातला एक शोधनिबंधच कोलमवर लिहिला. वाक्याला जसं व्याकरण असतं, तसं आकृतीलाही मांडता येईल का, हा त्यांचा विषय होता आणि कोलम हे त्याचं उदाहरण. विजया नागराजन यांनी २०१८ साली कोलमवर इंग्रजीत अख्खं पुस्तक लिहिलं. मामींना यातलं काही ठाऊक नाही, आणि मी सांगितलं तेव्हा त्यांना त्याचं फारसं अप्रूपही वाटलं नाही.

मला यातलं जे महत्त्वाचं वाटतं ते असं. कोरी जागा माणसाला घाबरवते. ठिपके पडले की जागा कोरी राहत नाही, आणि ‘काय काढू’ हा प्रश्न ‘इथून कुठे वळू’ एवढा लहान होतो. वर्षानुवर्षं मी मुलांना ‘मनाने काढा, मोकळेपणाने काढा’ सांगत आले. मामी मोकळेपणाचं नावही काढत नाहीत. त्या जागा आखून देतात, हातात एकच रंग देतात, वेळही अर्ध्या तासाचा. आणि दुपारपर्यंत सायकलींनी, बकऱ्यांनी सगळं पुसून टाकलेलं असतं, त्यामुळे आजचं फसलं तरी उद्या जागा मोकळीच. घर सजवताना आपण नेमकं उलटं करतो. पर्याय अमर्याद ठेवतो आणि एकदा लावलेलं दहा वर्षं हलवत नाही.

दारातलं कोलम हे निव्वळ नक्षीकाम नाही, हे इथे राहिल्यावरच समजतं. घरात कोणी गेलं की दारापुढे कोलम नसतं. श्राद्धाच्या दिवशी विधी आटोपल्यानंतरच ते पडतं. रस्त्याने जाणारा माणूस उंबरा बघून घराचं वर्तमान ओळखतो. शुक्रवारी आणि सणासुदीला घरात देवापुढे भिजवलेल्या तांदळाच्या वाटणाचं ओलं कोलम काढतात आणि त्याला भोवतीने गेरूची लाल किनार देतात.

सगळं जुनं तसंच टिकून आहे, असं मात्र समजू नका. तांदळाच्या पिठाची जागा बहुतेक दारांत दगडाच्या पांढऱ्या भुकटीने घेतली आहे, त्यामुळे पूर्वी जे मुंग्या-चिमण्यांचं पोट भरायचं ते आता भरत नाही. भोकं पाडलेल्या नळ्या मिळतात, त्या फिरवल्या की नक्षी आपोआप उमटते. प्लास्टिकची चिकटवायची कोलमंही बाजारात आहेत, आणि ती पुण्यातही पोहोचली आहेत. एकदा चिकटवलं की वर्षभर बघायला नको, ही त्यांची सोय आणि तोच त्यांचा दोष. महिन्याभरात घरातल्या कोणालाच ते दिसेनासं होतं.

आता रंगांचं. या भागात देवळाच्या भिंतीवर तांबडे-पांढरे उभे पट्टे असतात: काव आणि चुना. तेच दोन रंग कोलमच्या किनारीत, तेच जुन्या घरांच्या ओट्यांवर. जुन्या घरात पुढे ओटा, आत लाल गिलाव्याची थंडगार जमीन, मधे चौक. तुळशीचा हिरवा आणि समईचा पिवळा यांखेरीज त्या घराला तिसऱ्या रंगाची गरज वाटत नाही. गोव्यात आणि सिंधुदुर्गात देवळांच्या भिंतींवरची कावी कला याच दोन द्रव्यांतून झाली आहे, तांबड्या कावेचा थर खरवडून खालचा पांढरा चुना उघडा करून. दोन समुद्रकिनाऱ्यांनी एकच जोडी निवडली, कारण दोन्हीकडे ती हाताशी होती आणि स्वस्त होती. मुलाच्या भाड्याच्या घरात, घरमालकांना विचारून, मी पांढऱ्या भिंतींना खाली हातभर गेरूचा पट्टा ओढून घेतला. सून आधी नाराज होती. आता आलेल्या पाहुण्यांना तीच दाखवते.

गावाला लागूनच तिरुपालैतुरै आहे. तिथल्या पालैवननाथर देवळाच्या आवारात नायक राजांच्या काळातलं, सतराव्या शतकातलं विटांचं धान्याचं कोठार उभं आहे. उंची सुमारे पस्तीस फूट. खाली गोल, वर निमुळतं. नक्षी शोधून सापडत नाही. भात कोरडं राहावं आणि पाऊस वरून ओघळून जावा, एवढ्यासाठी केलेला आकार. समोरच्या मूर्तींनी भरलेल्या गोपुरापेक्षा मला ते जास्त देखणं वाटतं. हे ऐकून मामी दुखावल्या, पण मत बदलायला काही कारण घडलेलं नाही.

रेल्वेने पुढे गेलं की सुंदरपेरुमाळकोविल आणि मग स्वामीमलै. स्वामीमलैचे स्थपती मेणाचा नमुना करून पंचलोहाच्या मूर्ती ओततात. नमुन्यावर कावेरीकाठची बारीक गाळाची माती लिंपतात, आतलं मेण वितळवून काढतात आणि त्या पोकळीत धातू ओततात. मातीचा साचा शेवटी फोडावाच लागतो, म्हणून प्रत्येक मूर्तीला नवं मेण. हे बरेच जण सांगतात. मला जास्त आवडली ती त्यांची मोजपट्टी. जेवढी मूर्ती करायची तेवढी नारळाच्या पात्याची एक पट्टी कापतात आणि तिला घड्या घालतात. घड्यांनी पडलेले भाग म्हणजे चेहऱ्याचं, छातीचं, मांडीचं माप. मूर्ती वीतभर असो की पुरुषभर, घड्या त्याच. इंच-सेंटिमीटर मधे येतच नाहीत, प्रमाण तेवढं राहतं.

ही युक्ती घरी वापरून पाहा. भिंतीच्या उंचीएवढी वर्तमानपत्राची पट्टी चिकटवून तयार करा, तिला घड्या घाला, आणि तसबिरी कुठे टांगायच्या, फळी कुठे ठोकायची हे त्या घड्यांवर ठरवा. बहुतेक घरांत चित्रं फार वर टांगलेली असतात. पट्टी ते लगेच दाखवून देते.

कपड्यांच्या रंगांसाठी मी देवळाबाहेरच्या फुलवाल्यांपाशी जाते. इथे फूल मुळमाने विकतात. मुळम म्हणजे कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंतचा हात, विकणारीचा हात! केळीच्या सोपटाच्या दोऱ्यात मोगरा, अबोली आणि मरवा आलटून पालटून गुंफलेले. पांढरा पुष्कळ, अबोलीचा केशरी थोडा, मरव्याचा हिरवा त्याहून थोडा. साडी, ब्लाउज आणि काठ यांचं गणित याहून सोपं कोणी शिकवलेलं मला आठवत नाही. कुंभकोणमच्या पुढे तिरुभुवनमला रेशमी साड्या विणतात, आणि तिथली घडी पंख्यासारखी चुण्यांची असते. दुकानात साडी उलगडून दाखवतात तेव्हा काठ आधी चुण्यांत दिसतो, म्हणजे नेसल्यावर तो निऱ्यांत दिसेल तसाच. ऑनलाइन साडी निवडताना नेमकं हेच बघायला मिळत नाही.

तंजावरला येऊन तंजावर चित्रांबद्दल लिहिलं नाही तर मराठी वाचक रागावतील. भोसल्यांचं राज्य इथे १६७६ ते १८५५ होतं, आणि दुसऱ्या सरफोजीराजांच्या काळात ही चित्रकला बहरली, याचा आपल्याला अभिमान असतोच. फळीवर कापड, त्यावर खडूच्या लेपाचा उठाव, सोन्याचा वर्ख, खडे. काम जीव ओतून केलेलं असतं. पण घरासाठी माझा सल्ला एवढाच, की एका घरात एकच घ्या, आणि त्याच्या भिंतीवर दुसरं काहीही लावू नका. दोन सोनेरी चित्रं शेजारी शेजारी आली की दोन्ही कॅलेंडर वाटू लागतात.

त्यापेक्षा नवरात्रातला कोलु मला जवळचा. घरातल्या पेट्या, टेबलं, पुस्तकांचे गठ्ठे रचून पायऱ्या करतात, त्यावर पांढरं वेष्टी, म्हणजे धोतर, अंथरतात आणि बाहुल्या मांडतात. जुन्या बाहुल्या दर वर्षी तळघरातून, माळ्यावरून निघतात, नवी एखादीच येते. देवांच्या शेजारी भाजीवाली, तिच्या शेजारी पोलीस, क्रिकेटची टीम, मुलांनी केलेली बाग. आपल्याकडच्या गौरीपुढच्या आराशीची ही सख्खी बहीण. फरक इतकाच, की आपण हल्ली ती आरास थर्माकोलसकट विकत आणू लागलो आहोत.

कोणाला कोलम प्रत्यक्ष बघायचं असेल, तर मार्गळी महिन्यात या. तो डिसेंबरच्या मध्यावर सुरू होतो आणि पोंगलच्या आदल्या दिवशी, जानेवारीच्या मध्यावर संपतो. या महिन्यात दारोदार मोठी कोलमं पडतात आणि मधोमध शेणाच्या गोळ्यात भोपळ्याचं पिवळं फूल खोचलेलं असतं. मुक्काम कुंभकोणमला करा, तिथे लॉज पुष्कळ आहेत, पण पहाटे सहाच्या आत पापनाशमला पोहोचा. फोटो काढण्याआधी विचारा. नाही कोणी म्हणत नाही, पण विचारलेलं आवडतं. कॅमेऱ्यापेक्षा चौकटींची वही आणलीत तर बायका ती हातातून घेऊन स्वतःच ठिपके मांडून देतात. आणि यायला जमणार नसेल, तर उद्या सकाळी आपल्याच दारात सात-पाच-तीन-एकपासून सुरुवात करा. फ्लॅटच्या दारापुढे तेवढी जागा असते.