उपनगरवासीयांचा जमाखर्च

घराचा जमाखर्च जिच्या हाती असतो, त्या गृहिणीला ठाऊक असते की वाण्याचे बिल फुगले म्हणून वाण्याशी भांडून भागत नाही. यादी काढून वाचावी लागते. मी अंधेरीचा. मालमत्ता कराचे बिल आले की आमच्या सोसायटीत दर वाढला की काय, यावर तासभर खल होतो. पैसा गेला कुठे, हे विचारणारा मात्र विरळा!

अंधेरी-घाटकोपर 1950 साली मुंबई महापालिकेत आले, बोरिवली-मुलुंड 1957 साली. त्या पालिकेचा 2025-26चा अर्थसंकल्प होता 74,427 कोटींचा. एवढ्या रकमेवर नजर कोणी ठेवावी, हे 1888च्या कायद्यातच ठरले आहे. आयुक्तांनी खर्चाचा अंदाज मांडावा, स्थायी समितीने तो तपासावा, मोठी कंत्राटे तिनेच मंजूर करावीत. म्हणजे खर्च करणारा एक आणि थैलीची गाठ सोडणारा दुसरा. परंतु 7 मार्च 2022 रोजी नगरसेवकांची मुदत संपली, आणि जानेवारी 2026मध्ये निवडणूक होईपर्यंत दोन्ही कामे एकट्या प्रशासकाकडे होती.

समिती असली म्हणजे सारे आलबेल, असेही नव्हे हो. महालेखापरीक्षकांनी नोव्हेंबर 2019 ते ऑक्टोबर 2022 या काळातील सुमारे 12 हजार कोटींची कामे तपासली. त्यातला बराचसा काळ समिती जागेवर होती. तरीही 2023च्या अहवालात निघाले काय, तर 214 कोटींची 20 कामे निविदा न मागवताच दिलेली!

आणि आमचा गोखले पूल? जुलै 2018मध्ये त्याचा पादचारी भाग रुळांवर कोसळला, नोव्हेंबर 2022मध्ये पूल बंद झाला. फेब्रुवारी 2024मध्ये नव्या पुलाची एक बाजू खुली झाली, तेव्हा अवघ्या मुंबईने पाहिले की शेजारचा बर्फीवाला पूल त्याला जुळतच नाही. एक वर, एक खाली. रेल्वेच्या नव्या नियमाने रुळांवरची उंची वाढली, असे कारण सांगण्यात आले. असेल. पण ही गोष्ट नकाशाच्या कागदावर दिसायला नको होती का? मग जॅक लावून बर्फीवाला पूल उचलला गेला आणि जुलै 2024मध्ये सांधा जुळला. उचलण्याचा खर्च अर्थातच पालिकेच्या, म्हणजे तुमच्याआमच्या थैलीतून.

2022च्या आरंभी पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या घरांना करमाफी जाहीर झाली. लहान घरांत आनंद झाला, तो रास्तच. पण माफीने बिल घटते, खर्च घटत नाही. पाचशे एक फूटवाल्याला विचारून पाहा!

आता नगरसेवक पुन्हा आले आहेत. मुलुंडकरांनी टी विभागात, घाटकोपरकरांनी एन विभागात जाऊन आपल्या गल्लीच्या रस्त्याचे कंत्राट कितीचे, करारावर सही कधी झाली आणि हमीची मुदत कधी संपते, हे विचारावे. तोंडी उत्तर मिळाले नाही, तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज आहे. त्याचे शुल्क दहा रुपये.