हृदयगतिकारक, कृत्रिम
हृदयाचे ठोके मंदावल्यास किंवा त्यांत खंड पडत असल्यास सूक्ष्म विद्युत् स्पंद पुरवून ते योग्य गतीने चालू ठेवणारे, त्वचेखाली बसविण्यात येणारे उपकरण. यास सामान्यतः ‘पेसमेकर’ म्हणतात. रूने एल्मक्विस्ट यांनी तयार केलेले असे उपकरण ऑके सेनिंग यांनी १९५८ मध्ये स्टॉकहोम येथे प्रथम मानवी शरीरात बसविले.

छत्रपती संभाजीनगरसारख्या शहरात उपकरण बसवून रुग्ण गावी परतला, की त्याची दैनंदिन देखरेख स्थानिक डॉक्टरांकडे येते. नाडी ठरविलेल्या किमान गतीपेक्षा मंद लागल्यास किंवा घेरी आल्यास बिघाडाची शंका घेऊन विद्युत् हृल्लेख काढावा. उपकरणावरील त्वचा सुजल्यास तेथे सुई टोचू नये. जंतुसंसर्ग आत शिरतो. मृत्यूनंतर दहनापूर्वी उपकरण काढून घ्यावे. अन्यथा उष्णतेने विद्युत् घटाचा स्फोट होऊ शकतो.