ऊन हवं, पण उन्हाळा सोसवेल असं गाव

आपल्यापैकी बऱ्याच जणांची नोकरी आता लॅपटॉपवर, घरूनच चालते. त्यामुळे ‘शहर सोडून एखाद्या लहान, छान हवेच्या गावात राहूया का?’ हा विषय घरोघरी निघतो. आमच्याकडे तो वर्षभर चालू आहे. मी बंगळुरूला सॉफ्टवेअरमध्ये आहे. आई आणि अण्णा गावी करजगीला, अफजलपूर तालुक्यात. अण्णांना आता भीमाकाठचा उन्हाळा झेपत नाही आणि बंगळुरूच्या फ्लॅटमध्ये दोघांचं मन रमत नाही. सगळ्यांनी मिळून राहायचं तर कुठे?

आपल्या भागात ऊन मुबलक. कमी आहे तो गारवा, आणि तो बराचसा उंचीवर ठरतो. साधारण हिशेब असा, की शंभर मीटर वर गेलं की तापमान अर्ध्या अंशाहून थोडं जास्त उतरतं. बंगळुरू समुद्रसपाटीपासून ९०० मीटरच्या वर आहे, म्हणून तिथली हवा सौम्य. कलबुर्गी साडेचारशे मीटरच्या आसपास. बीदर मात्र पठारावर, कलबुर्गीहून सुमारे दोनशे मीटर उंच. मे महिन्यात बीदरलाही चटका बसतोच, पण कलबुर्गीपेक्षा कमी.

हा शोध आपला नव्हे. १४२२ मध्ये गादीवर आलेल्या अहमदशाह बहमनीने पुढे राजधानी गुलबर्ग्याहून, म्हणजे आजच्या कलबुर्गीहून, बीदरला नेली. त्यामागे राजकारण होतं, तशीच बीदरची चांगली हवाही होती. पण नुसत्या हवेवर शहर वसत नाही. बीदरच्या पठारावर वरचा थर जांभ्या दगडाचा, खाली काळा कातळ. पावसाचं पाणी जांभ्यात मुरतं आणि कातळावर अडतं. ते पाणी जमिनीखालच्या बोगद्यांतून, उताराच्या जोरावर वस्तीपर्यंत आणणारी ‘करेज’ नावाची व्यवस्था बहमनी काळात उभी राहिली. नौबादजवळ ती आजही बघता येते. मुलांना जरूर दाखवा. मोटार नाही, वीज नाही, फक्त उताराचं गणित!

म्हणून गाव निवडताना डिसेंबरची सहल धरून निर्णय घेऊ नका. डिसेंबरात आपली सगळीच गावं गोड वाटतात. एप्रिल-मेमध्ये जा. नळाला किती दिवसांनी पाणी येतं, बोअर किती खोल आहे, टँकर कधी मागवावा लागतो, हे शेजाऱ्यांना विचारा. भर दुपारी वीज किती वेळ जाते तेही बघा. आपल्या मीटिंगा त्याच वेळी असतात. घर बघताना पश्चिमेची भिंत बघा. तिच्यावर सावली नसेल, तर रात्री उशिरापर्यंत खोली तापलेली राहते.

मग माणसांचा हिशेब. हॉस्पिटल किती मिनिटांवर? कर्नाटकातल्या शाळेत मुलांना कन्नड शिकावं लागेल. मला त्यात अडचण वाटत नाही, सीमाभागात आपण दोन्ही भाषा बोलतच वाढलो. मराठी वाचणं-लिहिणं मात्र घरीच करून घ्यावं लागेल, आणि तिथे आजी-आजोबा जवळ असण्याचा मोठा आधार. आईचा प्रश्न वेगळाच होता : “हवा चांगली आहे रे, पण दुपारी चहाला कोण येणार?”

तो प्रश्न माझ्या तक्त्यात नव्हता. तो घालून पुन्हा विचार केला, तेव्हा असं ठरलं : बीदरला आधी भाड्याचं घर, मार्च ते जून. करजगीचं घर आणि शेत तसंच ठेवायचं. २०१७ पासून बीदर-कलबुर्गी रेल्वे आहे. कलबुर्गीहून पुढे गावाला जाता येतं. चार महिन्यांत आईला चहाला सोबत मिळाली आणि अण्णांना दुपारी झोप लागली, तरच पुढचं बोलायचं. विकत घ्यायची घाई नाही.

तुमच्यापैकी कुणी असं गाव निवडून राहिलं असेल, तर मंडळाच्या पुढच्या अंकासाठी जरूर लिहा. उन्हाळ्याचं आधी लिहा.