स्टार्टरची तार आणि बोटीची राखण

धारणीत माझं वायरिंगचं दुकान आहे. ट्रॅक्टर, जीप, विहिरीवरच्या मोटारींचे स्टार्टर हे रोजचं काम. पेरणीच्या दिवसांत एक मागणी हटकून येते : "भाऊ, थो स्विच काढून टाका अन् सेल्फ डायरेक्ट करून द्या." मी ते करत नाही. गिअरमधला ट्रॅक्टर सुरू होऊ नये म्हणून तो स्विच सेल्फची वाट अडवतो. तो काढला आणि कुणी खाली उभं राहून किल्ली फिरवून सेल्फ मारला, तर ट्रॅक्टर जागचा निघतो आणि मागचं चाक पहिल्यांदा त्यालाच गाठतं.

बोटीच्या इंजिनातही हाच स्विच असतो. आमच्या मेळघाटात इंजिनाची बोट दिसते ती बहुधा पुरात, बचाव पथकाची. पण इथून खंडव्याच्या बाजूला गेलं की इंदिरासागरचं अफाट पाणी लागतं, हनुवंतियाला पर्यटकांच्या बोटी असतात. तिथलं वायरिंग मी बारकाईने पाहिलं आहे. लिव्हर न्यूट्रलला असेल तरच किल्लीचा करंट स्टार्टरपर्यंत पोचतो. दोरी ओढून सुरू होणाऱ्या बहुतेक इंजिनांतही गिअर टाकलेला असला की दोरी अडते. असं नसतं तर इंजिन पेटताच बोट उसळली असती, उभा माणूस पाण्यात गेला असता, आणि खाली पंखा फिरतच राहिला असता.

दुसरा स्विच लाल दोरीचा. दोरीचं एक टोक चालकाच्या मनगटाला किंवा पायाला, दुसरं इंजिनाच्या बटनात. चालक पडला की क्लिप निघते, इंजिन बंद. दोरी बांधलेली नसेल, तर रिकामी बोट गोल गोल फिरत पडलेल्या माणसांवरच परत येते. मे २०१३ मध्ये इंग्लंडमधल्या पॅडस्टोजवळ एक कुटुंब असंच बोटीतून फेकलं गेलं. दोरी कुणाच्याच अंगाला नव्हती. वडील आणि आठ वर्षांची मुलगी गेली, बाकीच्यांपैकी दोघं गंभीर जखमी झाले. अमेरिकेत १ एप्रिल २०२१ पासून, असा स्विच असलेली २६ फुटांहून लहान बोट वेगात चालवताना दोरी लावणं कायद्याने बंधनकारक आहे. आपल्याकडेही प्रत्येक चालकाने ती बांधलीच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

मात्र हे स्विच म्हणजे कुलूप नव्हे. दोरी घरी नेली म्हणजे बोट सुरक्षित, असं पुष्कळांना वाटतं. बऱ्याच आउटबोर्ड इंजिनांत हा स्विच इग्निशनला अर्थिंग देऊन इंजिन बंद पाडतो. तार कापली की अर्थिंग मिळणंच बंद होतं आणि इंजिन बिनदिक्कत चालतं. चोराला हे ठाऊक असतं.

चोरासाठी वेगळा छुपा स्विच लावावा, आणि तो स्टार्टरच्या सोलेनॉइडकडे जाणाऱ्या बारीक तारेत, न्यूट्रल स्विचच्या जोडीने, एकामागोमाग. इग्निशनच्या तारेत नको. तिथला स्विच गंजून बिघडला तर भर पाण्यात इंजिन बंद पडेल; स्टार्टरच्या तारेतला बिघडला तर बंद इंजिन सुरू होणार नाही, पण चालतं इंजिन बंद पडणार नाही. पेट्रोलचं इंजिन बोटीच्या पोटात असेल तर ठिणगी बाहेर न पडू देणाराच स्विच हवा, कारण पेट्रोलची वाफ जड, ती तळाशी साचते. तरीही सोलेनॉइडचे दोन मोठे बोल्ट पेचकसाने जोडणारा चोर असतोच. शिवाय लहान इंजिन दोन चिमट्यांच्या स्क्रूंवर टांगलेलं असतं. सैल करून ते खांद्यावर नेता येतं. म्हणून चिमट्यांच्या मुठींना कुलूप आणि इंजिनाला आरपार बोल्ट हवेत.

आणि इंजिनाचा क्रमांक जपा, माग काढायला तो उपयोगी पडतो. २६ नोव्हेंबर २००८ चे हल्लेखोर पोरबंदरची 'कुबेर' ही मासेमारी नौका समुद्रात बळकावून मुंबईजवळ आले आणि रबरी बोटीने कफ परेडच्या मच्छीमार नगरात उतरले. त्या रबरी बोटीच्या यामाहा इंजिनाचा माग तपासात पाकिस्तानातल्या खरेदीपर्यंत लागला. इंजिनाची पाटी उचकटता येते, पण काही इंजिनांत तोच क्रमांक ब्लॉकवरच्या गोल धातूच्या बुचावरही कोरलेला असतो.

बोट असो की ट्रॅक्टर, दोन्ही ठिकाणच्या क्रमांकांचा फोटो आजच काढा, पावतीसोबत घरात ठेवा. आणि कुणी मेकॅनिकने तुमचा न्यूट्रलचा स्विच डायरेक्ट करून दिला असेल, तर या आठवड्यात तो पूर्ववत करून घ्या.