यंत्राला विवेक कोण शिकवितो?

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, नया बाजारासारख्या वस्तीत राहणाऱ्या आपणां सर्वांना कापडगिरणी हा शब्द वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकून परिचित आहे. १९२१ साली स्थापन झालेल्या जियाजीराव कॉटन मिलने या शहरातील कित्येक कुटुंबांना अन्न दिले. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात ती बंद पडली. आता कारखाने म्हटले की भिंड जिल्ह्यातील मालनपूरकडे बोट दाखविले जाते. तेथील किंवा कोठल्याही आधुनिक कारखान्यात यंत्रे आपोआप चालताना दिसतात. पण हे 'आपोआप' कोणीतरी आधी विचारपूर्वक रचलेले असते. ते रचणारा तो विद्युत् व नियंत्रण अभियंता. त्याच्या कामाची ओळख आपण करून घेऊ.

घराच्या गच्चीवरील पाण्याची टाकी डोळ्यांपुढे आणा. टाकी भरली की पंप बंद व्हावा, रिकामी होत आली की सुरू व्हावा, एवढीच अपेक्षा. परंतु एकाच पातळीवर दोन्ही आज्ञा दिल्या, तर पाणी किंचित हलताच पंप क्षणोक्षणी चालू-बंद होईल व मोटार जळेल. म्हणून खालची व वरची अशा दोन पातळ्या ठरवाव्या लागतात. शिवाय खालच्या हौदात पाणीच नसेल तर पंप कोरडा चालू नये, हेही सांगावे लागते. साध्या टाकीची ही कथा, तर शेकडो मोटारी असलेल्या कारखान्याची काय असेल!

पूर्वी अशा आज्ञा रिले नावाच्या विद्युच्चुंबकीय खटक्यांनी दिल्या जात. कामाचा क्रम बदलला की भिंतभर तारा पुन्हा जोडाव्या लागत. हा खटाटोप टाळण्यासाठी १९६८ मध्ये अमेरिकेतील जनरल मोटर्स कंपनीने नवे साधन मागितले आणि डिक मॉर्ले व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'मॉडिकॉन ०८४' हे यंत्र तयार केले. त्याच्या वंशजांना पी.एल.सी. म्हणतात. हा छोटा संगणक प्रथम सर्व संकेत वाचतो, मग लिहून दिलेल्या आज्ञा क्रमाने तपासतो, शेवटी मोटारी व झडपांना हुकूम देतो. आणि हे चक्र सेकंदात अनेक वेळा फिरत राहते. आज्ञा शिडीसारख्या आकृतीत लिहिण्याची पद्धत मुद्दाम ठेवली गेली. कारण रिलेच्या आकृत्या वाचणाऱ्या कारागिरांना ती सहज समजे.

मग ज्येष्ठ अभियंत्याचे विशेष ते काय? यंत्र चालविणे नवशिक्यालाही जमते. ते बिघडल्यावर काय होईल, हे आधी ओळखणे हीच खरी कसोटी. तापमान किंवा दाब यांचा संकेत तारेतून पाठविताना किमान मूल्यासाठी ४ व कमाल मूल्यासाठी २० मिलिअँपिअर प्रवाह वापरतात. शून्यापासून आरंभ का नाही? कारण तार तुटली की प्रवाह शून्य होतो, आणि 'मूल्य कमी आहे' व 'तार तुटली आहे' यांतील भेद तत्काळ कळतो.

तीच दृष्टी आणीबाणीच्या लाल बटणात आहे. बटण दाबल्यावर वीजमार्ग जुळेल अशी रचना केली, तर उंदराने कुरतडलेली तार कोणाच्या ध्यानातही येणार नाही. आणि कामगाराचा हात यंत्रात सापडेल त्या दिवशी बटण मुके ठरेल. म्हणून त्यातून प्रवाह सदैव वाहता ठेवतात. बटण दाबा अथवा तार तुटो, प्रवाह खंडित होतो आणि यंत्र थांबते. उत्पादन काही काळ बुडेल, पण माणूस वाचेल.

विद्यार्थिमित्रांनो, आपल्या शहरात माधव इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी अँड सायन्स ही संस्था १९५७ पासून अभियांत्रिकीचे शिक्षण देत आली आहे. त्या वाटेने जाऊ इच्छिणाऱ्यांनी गणित व विज्ञान तर शिकावेच. परंतु 'हे बिघडले तर कोणाला इजा होईल?' हा प्रश्न स्वतःला विचारण्याची सवयही आतापासूनच लावून घ्यावी. यंत्राला स्वतःचा विवेक नसतो. तो त्याला माणसानेच द्यावा लागतो.