क्वाड ४०५ : गवंडी आणि बिगारी

बुटाच्या खोक्याएवढी काळी पेटी. दर्शनी बाजूला ना बटण, ना फिरवायचा खुंटा. नुसत्या उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्ट्या. सहज उचलायला जावं, तर वजन ९ किलो. पीटर वॉकर यांच्या इंग्लंडमधल्या हंटिंग्डनच्या कारखान्यातून हा क्वाड ४०५ पॉवर अ‍ॅम्प्लिफायर १९७५ साली बाहेर पडला. दोन्ही चॅनलना प्रत्येकी १०० वॅट. १९७८ मध्ये त्याच्या तंत्राला तिथल्या राणीचा पुरस्कारही मिळाला.

त्या तंत्राचं नाव करंट डंपिंग. ताकदीचे ट्रान्झिस्टर सतत तापते ठेवले तर आवाज स्वच्छ येतो, पण वीज वाया जाते. गरजेपुरते चालू केले तर वीज वाचते, पण लहर शून्यातून जाताना अडखळते. वॉकर आणि त्यांचे सहकारी माइक अल्बिन्सन यांनी काम वाटून टाकलं. छोटा, अचूक अ‍ॅम्प्लिफायर हा गवंडी. मोठे ट्रान्झिस्टर हे बिगारी. ओझं बिगाऱ्यांनी वाहायचं, ओळंबा गवंड्याच्या हाती. बिगाऱ्याचा पाय घसरला, तरी भिंत वाकडी होत नाही, कारण चार सुट्या भागांचा एक पूल ती चूक स्पिकरपर्यंत पोचू देत नाही. त्या चौघांत १२० पिकोफॅरडचा एक इवला कपॅसिटर आहे आणि ३ मायक्रोहेन्रीची तारेची गुंडाळी.

म्हणूनच हा सेट जुन्या बाजारातून घेणाऱ्याला धीर येतो. इतर अ‍ॅम्प्लिफायरमध्ये स्क्रू फिरवून बायस, म्हणजे ट्रान्झिस्टरमधून सतत वाहणारा प्रवाह, जुळवत बसावं लागतं. इथे असा स्क्रूच नाही.

दुरुस्तीची सुरुवात मात्र हात आखडून करायची. वायर काढली तरी मोठ्या कपॅसिटरमध्ये चार्ज उरतो. तो रेझिस्टर लावून उतरवायचा. हेच १०,००० मायक्रोफॅरडचे डबे वयोमानाने आतून सुकतात आणि स्पिकरमधून घूं ऐकू येते. ते बदलायचे. सर्किटच्या प्लेटवरचे छोटे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरही बदलायचे आणि तडकलेली सोल्डरिंग पुन्हा मारायची. मग थेट प्लग न खुपसता विजेच्या वाटेत एक बल्ब सिरीजमध्ये लावून वीज द्यायची. बल्ब क्षणभर उजळून मंदावला, तर ठीक. भगभगीत पेटून राहिला, तर आत कुठे तरी शॉर्ट आहे.

आणखी एक खोच. हा अ‍ॅम्प्लिफायर अर्ध्या व्होल्टलाच पूर्ण ताकद दाखवतो आणि सीडी प्लेअर देतो २ व्होल्ट. त्यामुळे आधीच्या प्रीअ‍ॅम्प्लिफायरवरचा आवाजाचा खुंटा जरा हलवला की घर दणाणतं. वाटेत दोन रेझिस्टर टाकून ती धार कमी करता येते.

हौशी कारागीर चुकतो तो पुढे. ‘आता उघडलाच आहे तर’ म्हणत तो महागडे सुटे भाग भरत सुटतो आणि त्या पुलाच्या किमती बदलून बसतो. मग तोल जातो आणि बिगाऱ्याची चूक भिंतीत दिसू लागते. सुकलेलं बदलावं, तुटलेलं जोडावं. जे वॉकरने मोजून ठेवलंय, त्याला हात लावू नये.

आणि स्पिकर जोडण्याआधी अ‍ॅम्प्लिफायरच्या स्पिकरच्या टोकांवर मल्टिमीटर लावा. काटा डीसी व्होल्ट दाखवत असेल, तर पेटी पुन्हा उघडा. अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त होतो. जळलेल्या स्पिकरची कॉइल पूर्वीसारखी होत नाही.